आधी डोकं, मग डोळे

सोमवारी आमचं सलून बंद असतं. त्या दिवशी मी शटर पूर्ण वर करतो, ट्यूबलाइट लावत नाही आणि खुर्ची आरशापासून वळवून दाराला आडवी करतो. दुकान उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे ऊन सहसा थेट आत येत नाही. दिवसभर एकाच बाजूनं सारखा उजेड मिळतो. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, इंटरमिजिएटच्या आधीच हातात वस्तरा आला. पुढचं सगळं या खुर्चीतल्या माणसांकडे बघून शिकलो. भिंतीवरची, चारकोलनं म्हणजे कोळशाच्या कांडीनं काढलेली माणसांची चित्रं बघून पोरं विचारतात, "काका, हे कसं काढलं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सामान थोडंच लागतं. विलो चारकोलच्या जाड-बारीक काड्या, कॉम्प्रेस्ड चारकोलची एक कांडी, एक चारकोल पेन्सिल, कणकेसारखा मळता येणारा नीडेबल रबर आणि कार्ट्रिज पेपर. कागदावर बोट फिरवलं की किंचित खरखर लागली पाहिजे, कारण त्या खरखरीतच कोळसा अडकून बसतो. विलो म्हणजे त्या नावाच्या झाडाची जाळलेली फांदी, कापडानं झटकली की बरीचशी उडून जाते, म्हणून सुरुवात तिनं करायची. कॉम्प्रेस्डमध्ये कोळशाची भुकटी चिकट द्रव्य घालून दाबलेली असते. तो काळा एकदा बसला की पुरता निघत नाही, म्हणून तो शेवटी. भुकटी पसरवायला मी मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश वापरतो. बोटानं घासू नका. आमच्या हाताला तर चंपीचं तेल असतंच, पण कोणाच्याही कातडीला तेल असतं, आणि त्याचे डाग कागदावर राहतात.

साधी पेन्सिल आणि चारकोल एकाच चित्रात मिसळू नका, हे मात्र मनापासून सांगतो. आईचं पहिलं मोठं चित्र मी ६बी पेन्सिलनं उभं केलं आणि वरून कोळसा चढवायला गेलो. पेन्सिलीतलं ग्राफाइट चकचकीत आणि निसरडं असतं, त्याच्यावर कोळसा धरतच नाही. डोळ्यांखालच्या सावल्या, जिथे मला सगळ्यात जास्त खोली हवी होती, तिथेच चंदेरी चट्टे उमटले. ते चित्र मी पुन्हा पहिल्यापासून काढलं.

आता खुर्चीत कोण बसलंय ते सांगतो. आमच्या पेठेतले एक वस्ताद, वय ऐंशीच्या पुढे. कोल्हापुरातल्या खासबागच्या मैदानात कुस्त्या केलेला माणूस. दोन्ही कान मोडलेले. दर महिन्याला दाढी-कटिंगला येतात, आणि गेल्या पावसाळ्यापासून सोमवारी नुसते बसायला.

बहुतेक जण चित्र डोळ्यांपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. दोन डोळे जीव तोडून काढतात, मग त्यांच्याभोवती डोकं बसवायला बघतात, आणि कपाळ दोन बोटं उरतं. केस कापणाऱ्याला डोकं हातानं माहीत असतं. कंगवा उभा धरून मोजा: टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, पण केसांमुळे ते वर असल्यासारखे वाटतात. भुवईपासून हनुवटीपर्यंतच्या साधारण मध्यावर नाक संपतं, आणि कान भुवई ते नाकाचं टोक एवढ्या पट्ट्यात बसतो. बाजूनं बघितलं तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर डोळा ते हनुवटी एवढंच भरतं. हे मोजल्याशिवाय कोणालाच पटत नाही. कानामागची कवटीही मोठी असते, तिला जागा सोडा.

हे माप झालं. माणूस त्या मापातून किती सरकलाय, तेवढाच तो तो असतो. वस्तादांचं डोकं किंचित डावीकडे कललेलं राहतं आणि हनुवटी पुढे येते, समोरच्याचा अंदाज घेतल्यासारखी. म्हणून कागदावर पहिली खूण अंड्यासारख्या आकाराची, पण कललेली. मधून खाली एक रेघ, डोळ्यांची एक आडवी रेघ, दोन्ही त्याच कलानं. मान सरळ काढली असती तर वस्तादांचे वस्ताद उरले नसते. असली दोन-दोन मिनिटांची पाच-सहा टिपणं आधी रद्दी कागदावर करा, मगच चांगल्या कागदाला हात लावा.

चांगल्या कागदावर मी आधी विलोची कांडी आडवी घासून सगळा कागद करडा करतो आणि ब्रशनं सारखा करून घेतो. कोऱ्या पांढऱ्यावर काम करताना हात घाबरतो, करड्यावर घाबरत नाही. मग डोळे अर्धवट मिटून बघायचं. मिटल्या डोळ्यांना सुरकुत्या, पापण्या, मिशीचे केस दिसत नाहीत. दिसतो फक्त उजेड आणि सावली. दाराच्या उलट बाजूचा गाल, डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, ओठाखालची जागा आणि मान, या सगळ्यांची मिळून एकच सलग सावली असते. ती तुकड्यातुकड्यानं काढू नका, कांडीच्या आडव्या बाजूनं एका दमात भरा. मग नीडेबल रबर चिमटीत टोकदार करून उजेड उचला: कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड, नाकाचा शेंडा. रबरानं घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. या टप्प्यावर चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि नाक-डोळे नसतानाही माणूस ओळखू आला, तर चित्र उभं राहिलं समजा. नाही आला, तर फडक्यानं झटका आणि पुन्हा सुरू करा.

हावभाव कुठे असतो ते मला वस्तादांनी दाखवलं. पहिल्या सोमवारी मी म्हणालो, "वस्ताद, जरा हसा की." ते हसले, आणि ते हसू फोटोतल्यासारखं ताठ झालं. पुढच्या वेळी मी नुसतं विचारलं, "खासबागेत पहिल्यांदा उतरलात तेव्हा काय वाटलं?"

"काय वाटायचंय लेका," ते म्हणाले, "माती थंडगार होती."

तोंड जवळपास हललंच नाही. पण डोळ्यांखालची पापणी वर सरकली, गालाचा वरचा भाग तिला टेकला आणि बाहेरच्या कोपऱ्यात एक बारीक घडी पडली. मला हवं ते तिथे होतं, बुबुळात नव्हतं. तेव्हा माणसाला हसायला सांगू नका, बोलतं करा. आणि खालची पापणी रेघेनं काढू नका. तिच्या काठावर उजेडाची बारीक पट्टी असते, ती रबरानं उचला. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून तो करडाच ठेवा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली थोडा झाकलेला असतो. पूर्ण गोल काढलात की माणूस दचकलेला दिसतो. ओठांची बाहेरची रेघ ओढू नका. वरचा ओठ सहसा सावलीत असतो, खालच्यावर उजेड असतो, आणि ओठांचे दोन कोपरे नीट सापडले की तोंड सापडलं. सुरकुती म्हणजेही रेघ नव्हे, घडी आहे: एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत. म्हातारा चेहरा रेघांनी भरला की तो तडे गेलेल्या भिंतीसारखा दिसतो.

कानासाठी मला तीन सोमवार लागले. चांगल्या कानाला घड्या असतात, खळगे असतात. मोडलेला कान फुगून घट्ट झालेला असतो, खळगे बुजलेले. मी सवयीनं घड्या काढत होतो आणि तो कोणाचाही कान होत होता. शेवटी तो एक गोळा धरला, त्यावर उजेडाचे दोन ठिपके, खाली एकच गडद फट, आणि जमलं.

सगळ्यात काळा रंग अगदी थोड्या जागी ठेवा: नाकपुड्या, वरच्या पापणीची कड, दोन ओठांमधली फट. आणि सगळ्या कडा सारख्या धारदार करू नका. सावलीकडची गालाची कड मी मागच्या काळ्यात विरघळू देतो. हे धैर्य मला केथे कोलवित्झ या जर्मन बाईंकडून आलं. त्यांचं १९३३ सालचं चारकोलमधलं एक आत्मचित्र आहे, स्वतः चित्र काढत असतानाचं. चेहरा नीट घडवलेला, आणि खांद्यापासून हातापर्यंत फक्त कांडीचे जोरकस नागमोडी फटकारे. तरी हात दिसतो, त्यातली ताकदही दिसते. त्यांचा जन्म १८६७ चा. आमच्या कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर त्याच साली जन्मले. दोघांची छापील चित्रं माझ्या आरशाशेजारी लावलेली आहेत.

आरशाचा दुसरा उपयोगही सांगतो. अर्ध्या तासानं चित्र आरशात बघा. उलटं दिसलं की एक डोळा खाली गेलाय, जबडा सरकलाय, हे लगेच कळतं.

समोर बसायला कोणी नसेल तर फोटो चालतो, पण मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेला नको. त्यात नाक मोठं आणि कान मागे पळालेले येतात. सात-आठ फुटांवरून झूम करून काढा, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूनं.

पेन्सिल मी लहान चित्रांना आणि लहान मुलांना वापरतो. मुलांच्या गालाला कोळसा जड होतो. एचबी, २बी, ४बी पुरतात. शार्पनर सोडून ब्लेडनं तासा, शिसं सेंटीमीटरभर उघडं ठेवा, म्हणजे टोकानं बारीक आणि आडव्यानं रुंद, दोन्ही छटा मिळतात. रेघा गालाच्या गोलाईबरोबर वळवा.

चित्र झालं की फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा मारा, दुकानाबाहेर मोकळ्या हवेत, फूटभर अंतरावरून, पातळ हात दोन-तीनदा, प्रत्येक हात वाळू देऊन. हाताशी असतो म्हणून मी सुरुवातीला हेअर स्प्रे मारायचो. ते कागद आज पिवळे पडलेत. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. आईचं दुसरं चित्र एका फ्रेमवाल्यानं थेट काचेखाली दाबलं, आणि उघडलं तेव्हा अर्ध्या कपाळाचा कोळसा काचेवर होता. तेव्हापासून जाड पुठ्ठ्याचा माउंट मी स्वतः कापून देतो, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते.

वस्तादांचं चित्र असंच माउंट करून दाराशेजारी लावलंय. ते आले, बराच वेळ उभे राहिले, आपला कान चाचपला आणि म्हणाले, "दुसरा पण काढ. तो मोतीबाग तालमीत मोडला होता." या सोमवारी खुर्ची उलट्या बाजूनं वळवायची आहे.