केकवर चॉकलेटचं जास्वंद: मॉडेलिंग चॉकलेट घरी कसं करावं

केकवर फुलं-पानं करायची म्हटलं की बहुतेक जण फॉन्डन्ट, म्हणजे साखरेचा लाटता येणारा गोळा, आणतात. दिसतं छान, पण मुलं ते सोलून ताटलीच्या कडेला सारतात, कारण चवीला ती निव्वळ साखर. त्यापेक्षा मॉडेलिंग चॉकलेट, म्हणजे हाताने आकार देता येईल असा चॉकलेटचा गोळा, करून बघा. जिन्नस दोनच, चव चॉकलेटची, आणि काम करताना ते फॉन्डन्टसारखं चटकन वाळून तडकत नाही. पाकळीचा सांधा दिसला तर बोटाच्या उबेनेच बुजवता येतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळं बिघडतं ते तिथेच. आपल्या हाताला कणीक मळायची सवय असते. तिंबावं, रगडावं, मऊसूत करावं. हा गोळा तसा मळला की त्यातलं तूप, म्हणजे चॉकलेटमधला स्निग्ध भाग, सुटतं. माझा पहिला गोळा मे महिन्यातला. मी तो मनापासून रगडला आणि पाच मिनिटांत ओट्यावर पिवळट तेलाचा ओघळ आला.

साहित्य

पांढरं कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तूप घातलेलं) 200 ग्रॅम आणि लिक्विड ग्लुकोज (घट्ट, चिकट गोड पाक) 50 ग्रॅम. डार्क कंपाउंड घेतलंत तर ग्लुकोज 65 ग्रॅमपर्यंत न्या, कारण त्यातली कोको पावडर ओलावा शोषते. दोन्ही वस्तू केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतात. ग्लुकोजऐवजी कॉर्न सिरपही चालतं. वजनकाटा मात्र हवाच. चमच्याने मोजलेलं ग्लुकोज निम्मं चमच्यालाच चिकटून राहतं.

गोळा करणं

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, उकळी नको. वर कोरडं काचेचं वाडगं ठेवा, त्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. चॉकलेटचे बारीक तुकडे त्यात घाला आणि थोडे अख्खे दिसत असतानाच वाडगं उतरवा. उरलेले ढवळता ढवळता वितळतात. पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट रवाळ होऊन बसतं, म्हणून वाडग्याचा तळ लगेच पुसायचा.

आपल्याकडचं लिक्विड ग्लुकोज फार घट्ट असतं. त्यात चमचाभर पाणी घालून कोमट करा. चॉकलेट आणि ग्लुकोज दोन्ही बोटाला जेमतेम उबदार लागली पाहिजेत. आता ग्लुकोज एकदम ओता आणि सिलिकॉनच्या उलथन्याने तळातून वर घ्या, दुमडा, पुन्हा तळातून वर घ्या. पंधरा-वीस वेळा पुरे. मिश्रण घट्ट होत कडा सोडायला लागलं, चमक जाऊन मंद दिसू लागलं, की थांबा. अजून दोन हात फिरवावेत असं वाटेल, पण फिरवू नका.

प्लास्टिकच्या पातळ कागदावर गोळा थापून चपटा करा, घट्ट गुंडाळा आणि रात्रभर बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो.

सकाळी तो दगडासारखा लागेल. घाबरू नका. लिंबाएवढे तुकडे करा, मायक्रोवेव्हमध्ये पाच सेकंद फिरवा आणि एकेक तुकडा दुमडून, दाबून मऊ करा. हात गरम असतील तर थंड पाण्यात बुडवून अगदी कोरडे पुसा.

रंग

गोळा मऊ झाल्यावर जेल रंग (खायचा घट्ट रंग) टूथपिकने लावून दुमडत मिसळा. लाल रंग पहिल्यांदा गुलाबीच दिसतो. रंग ओतत बसू नका, कडवट चव येते. गोळा झाकून रात्रभर ठेवा, रंग बराच गडद होतो.

जास्वंद

गुलाब सगळेच करतात. आपल्या अंगणातलं फूल जास्वंदाचं, आणि करायलाही सोपं. लाल गोळ्याच्या सुपारीएवढ्या पाच गोळ्या करा. दुधाच्या स्वच्छ, कोरड्या पिशवीचे दोन तुकडे घेऊन त्यात एकेक गोळी ठेवा आणि अंगठ्याने दाबत पाकळी करा. वरची कड कागदासारखी पातळ, बूड जाड. टूथपिकच्या टोकाने बुडापासून कडेकडे शिरा ओढा आणि कडेला हलकी मुरड घाला.

वाटीत फॉइल लावून पाकळ्या अशा मांडा की प्रत्येकीची कड शेजारणीवर थोडी चढेल. मधोमध दाबा. आता लाल गोळ्याची बारीक वळी, पाकळीहून जरा लांब, मधे उभी करा. तिच्या वरच्या अर्ध्या भागावर पिवळ्या गोळ्याचे मोहरीएवढे कण लावा आणि अगदी टोकाला लाल ठिपके पाच. ते पाच ठिपके विसरू नका, फूल तिथेच खरं दिसतं. वाटीतच तासभर ठेवा म्हणजे आकार धरेल.

बिघडलं तर

तेल सुटलं तर ते टाकून देऊ नका. तूप गेलं की गोळा पुढे ठिसूळ होतो. सगळं झाकून गार होऊ द्या आणि मग हलक्या हाताने परत दुमडा. बहुतेक वेळा तूप आत जिरतं. गोळा भुसभुशीत राहिला तर कोमट ग्लुकोजचे चार-सहा थेंब लावा. फार मऊ असेल तर अर्धा तास नुसता ठेवून द्या.

हे फूल गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) किंवा बटरक्रीमच्या केकवर चांगलं बसतं. व्हिप्ड क्रीमचा केक फ्रिजमधून निघतो, ओलसर असतो, आणि फुलाच्या वजनाने क्रीम दबतं. तसा केक असेल तर फूल वेगळं ठेवा आणि केक कापायच्या जरा आधी वर ठेवा. उरलेला गोळा गुंडाळून हवाबंद डब्यात गार, कोरड्या जागी ठेवला की दोन-तीन आठवडे सहज टिकतो.