जिओकॅशिंग कसे करावे: डबा शोधण्यापासून स्वतःचा डबा लपवण्यापर्यंत

कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो आणि बाकीचे लोक मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधायला निघतात. डब्यात लॉगबुक असतं. त्यात नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि ऑनलाइन नोंद करायची. जिओकॅशिंग ते हेच. खेळाडू या डब्याला ‘कॅश’ म्हणतात, मी इथं डबाच म्हणेन.

हा खेळ कधी सुरू झाला याची तारीखच सांगता येते. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. ही भेसळ बंद झाली आणि सामान्य माणसाच्या यंत्रालाही काही मीटरांपर्यंतची जागा कळू लागली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. नियम एकच होता: थोडं घ्या, थोडं ठेवा. माइक टीग यांनी ती सर्वांत आधी शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

पहिला डबा निवडताना

संकेतस्थळावर किंवा अधिकृत अ‍ॅपमध्ये फुकट खातं उघडता येतं. अँड्रॉइडवर ‘सी-जिओ’ हे अ‍ॅपही बरेच जण वापरतात. फुकट खात्यात काही डबे दिसत नाहीत, पण सुरुवातीला त्यानं काही अडत नाही. नकाशा उघडा, जवळचे डबे बघा आणि निघण्याआधी त्यातल्या एकाचं पान नीट वाचा. पान न वाचता नुसत्या बाणामागे निघणारे लोक सगळ्यात जास्त वेळा हात हलवत परततात.

पानावर दोन आकडे असतात. एक शोधायला किती अवघड ते सांगतो, दुसरा तिथवर पोचायला किती अवघड ते. दोन्ही १ ते ५ मध्ये, अर्ध्या अर्ध्या अंकानं वाढणारे. या दुसऱ्या, भूभागाच्या आकड्यात १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल अशी जागा. ५ म्हणजे दोर, होडी किंवा पाणबुड्याचं साहित्य लागेल अशी. पहिल्यांदा दोन्ही आकडे दीडच्या आत असलेला, ‘ट्रॅडिशनल’ प्रकारचा (म्हणजे दिलेल्या जागीच ठेवलेला) आणि आकारानं ‘स्मॉल’ किंवा ‘रेग्युलर’ डबा घ्या. स्मॉल म्हणजे १०० मिलिलिटर ते एक लिटर, रेग्युलर त्याहून मोठा. १०० मिलिलिटरच्या आतला तो मायक्रो, आणि बोटाच्या पेराएवढा असेल तर त्याला नॅनो म्हणतात. नॅनोच्या नादी पहिल्याच दिवशी लागू नका.

मग आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा. गेल्या महिनाभरात कुणाला सापडला असेल तर डबा जागेवर आहे असं धरायला हरकत नाही. लागोपाठ तीन-चार जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल तर दुसरा निवडा. पानावर एक सूचकही, म्हणजे हिंटही, असतं. ते अक्षरं तेरा जागा सरकवून लिहिलेलं असतं, अ‍ॅपमध्ये एका टिचकीत उलगडतं. सूचक बघण्यात काहीही कमीपणा नाही, ते लपवणाऱ्यानं त्यासाठीच दिलेलं असतं.

सोबत काय न्यायचं

पेन. हे सगळ्यात आधी, कारण छोट्या डब्यात लिहायला काही नसतं आणि लॉगबुकात सही नसेल तर शोध धरला जात नाही. पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, पॉवर बँक आणि आधीच डाउनलोड करून ठेवलेला नकाशा. दिवसासुद्धा एक छोटा टॉर्च हवा, कारण ढोलीत आणि दगडांच्या फटीत उजेड पोचत नाही. चिमटा लागतोच लागतो, नॅनोतली कागदाची पट्टी नखांनी निघत नाही. पातळ हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. डब्यात अदलाबदल करायची असेल तर एखादी छोटी, टिकाऊ वस्तू. आडवाटेला जाणार असाल तर कुठं जाताय आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा.

वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? सुरुवातीला अजिबात नको. ते पडलं-भिजलं तरी चालतं, त्यातल्या बॅटऱ्या जागेवर बदलता येतात आणि दाट झाडीत चांगलं काम देतं. डोंगर-जंगलात दिवसदिवस फिरायला लागलात की मग विचार करा.

आकडे टाकताना

जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटं अशा पद्धतीनं लिहितात, उदाहरणार्थ उत्तर ४५° १७.४६०′. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. म्हणजे शेवटचा आकडा एकानं बदलला की जागा जेमतेम दोन मीटर सरकते. खरा घोळ वेगळ्या ठिकाणी होतो. हेच आकडे ४५.१७४६० असे निव्वळ दशांश अंश समजून टाकले, तर तुम्ही डब्यापासून जवळपास तेरा किलोमीटर दूर उभे राहाल. अ‍ॅपमधून थेट बाण लावला तर ही भानगड नसते, पण हातानं आकडे भरताना पद्धत तपासाच. यंत्रात नकाशाचा आधार (मॅप डेटम) ‘डब्ल्यूजीएस ८४’ हवा.

शेवटचे दहा मीटर

खेळाची खरी मजा इथं सुरू होते. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. झाडांखाली, उंच इमारतींजवळ किंवा कड्याच्या पायथ्याशी संकेत आपटून, वळून येतो आणि चूक वाढते. त्यात डबा लपवणाऱ्याच्या यंत्रानंही काही मीटरांची चूक केलेली असतेच. त्यामुळे स्क्रीनवर ‘० मीटर’ दिसलं म्हणजे डबा पायाखाली आहे असं समजू नका. तिथं उभं राहून बाणामागे गोल गोल फिरण्यात नवखे लोक बराच वेळ घालवतात.

त्यापेक्षा असं करा. वीस-तीस मीटरवर थांबा आणि बाण कुठं दाखवतोय ते बघा. मग बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेनं या, पुन्हा बघा. दोन्ही रेषा जिथं छेदतात तो तुमचा मध्य. त्याभोवती दहा मीटरांचा वेढा मनात आखा आणि मोबाइल खिशात टाका. इथून पुढचं काम डोळ्यांचं.

आता स्वतःला विचारा, मला इथं डबा लपवायचा असता तर मी कुठं ठेवला असता? बहुतेक माणसं सारखाच विचार करतात: झाडाची ढोली, मुळांमधली पोकळी, दगडी भिंतीतली फट, बाकाच्या बसायच्या फळीची खालची बाजू, फलकाची मागची बाजू, लोखंडी कठड्याच्या आत चुंबकानं चिकटवलेली डबी. हे सगळं आधी उरका. मग जे जरा जास्तच नीटनेटकं वाटतंय ते शोधा. वाऱ्यानं पडलेल्या काटक्या वेड्यावाकड्या पडतात. पाच-सहा काटक्या एकमेकींना समांतर, एका खोडाला टेकून असतील तर त्या माणसाच्या हातानं ठेवलेल्या आहेत. दगडाची शेवाळलेली बाजू खाली आणि कोरडी वर असेल तर तो कुणीतरी उलटलेला आहे. गवतातून एखादी पायवाट खोडापर्यंत जाऊन तिथंच संपत असेल तर तुमच्याआधी बरेच जण तिथं वाकलेले आहेत.

अवघड डब्यांमध्ये वस्तूच दुसऱ्या वस्तूचं रूप घेऊन बसते: पोकळ बोल्ट, नकली दगड, फांदीला बारीक दोऱ्यानं टांगलेली नळी. खांबावर चार बोल्ट हवेत आणि पाच दिसताहेत, तर पाचवा हलवून बघा. विजेच्या पेटीत मात्र कधीही हात घालू नका, बाण तिकडे दाखवत असला तरी. आणि जिथं दिसत नाही तिथं हात घालायचा नाही, हा नियम कायमचा. आधी टॉर्च, मग काठी, मग हात. ढोलीत आणि दगडांच्या सांदीत साप, विंचू, गांधीलमाश्या राहतात, आणि ती त्यांची जागा आहे.

अर्ध्या तासात नाही सापडला तर थांबा. दगड उपटणं, झुडपं मोडणं, भिंतीचे दगड सैल करणं म्हणजे शोधणं नव्हे. चांगला डबा काहीही न मोडता सापडतो. घरी येऊन ‘सापडला नाही’ अशी नोंद प्रामाणिकपणे करा. ती नोंद लपवणाऱ्याला फार उपयोगी असते, कारण डबा गायब झाल्याचं त्याला बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

सापडल्यावर

आजूबाजूला खेळाशी संबंध नसलेले लोक असतील तर थोडं थांबा. त्यांच्यादेखत डबा काढला की त्यांच्यापैकी कुणी तो कुतूहलानं उचलून नेऊ शकतो. कुणी सरळ विचारलंच, विशेषतः पोलिसांनी किंवा पहारेकऱ्यांनी, तर खेळ काय आहे ते मोकळेपणानं सांगा.

नॅनो उघडताना वारा अडवा. आतली पट्टी बोटभर रुंदही नसते आणि घट्ट गुंडाळलेली असते. चिमट्यानं मधोमध धरून ओढा, शेवटच्या नावाखाली तारीख आणि आद्याक्षरं लिहा, मग पेनच्या रिफिलवर पुन्हा घट्ट गुंडाळा. सैल गुंडाळी आत जात नाही, आणि ती दाबून कोंबली की पुढच्या माणसाच्या हाती तुकडे येतात. झाकणाच्या आट्यांत कागद अडकलेला नाही ना, ते बघून मगच बंद करा.

मोठ्या डब्यातून वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. धातूची पट्टी किंवा नाणं दिसलं आणि त्यावर सांकेतिक क्रमांक असेल, तर ती ठेवून घ्यायची भेट नव्हे. या ‘ट्रॅकेबल’ वस्तू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतात आणि त्यांचा माग संकेतस्थळावर दिसतो. पुढे नेणार असाल तरच उचला. त्यावरचा क्रमांक मात्र उघडपणे छापू नका. असा एक क्रमांक २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरही आहे.

डबा तिथंच, तसाच, तेवढाच झाकून ठेवा. अधिक चांगली जागा सुचली तरी नाही. येताना वाटेतला कचरा पिशवीत भरून आणा. खेळाडूंमध्ये ही जुनी रीत आहे.

पुढे वेगवेगळे प्रकार करून बघा. मल्टीमध्ये एका जागेवरून पुढच्या जागेचा पत्ता मिळतो. मिस्ट्रीमध्ये कोडं सोडवल्याशिवाय खरी जागा कळत नाही. अर्थकॅशमध्ये डबाच नसतो, तिथला खडक किंवा भूरूप पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच प्रकार.

स्वतःचा डबा लपवताना

आधी वीसेक तरी डबे शोधा. चांगलं लपवणं काय आणि वाईट काय, हे त्यातूनच कळतं. मग जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: डबा नसता तरी लोकांनी इथं यावं असं इथं काही आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी जागा बघा.

जागेच्या मालकाची परवानगी घ्या. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं. जमीन खणून पुरायचं नाही, झाडाला खिळे ठोकायचे नाहीत. रेल्वेमार्ग, लष्करी जागा, शाळा, घरटी आणि बिळं यांपासून लांब राहा. आणि जिथं तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येईल तिथंच ठेवा. सहलीला गेलेल्या गावी डबा ठेवून येणं मान्य होत नाही, कारण त्याची देखभाल कोण करणार?

डब्याची परीक्षा घरीच घ्या. आत कोरडा टिशू पेपर ठेवा, झाकण लावा, वजन बांधून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. सकाळी टिशू जराही ओलसर लागला तर तो डबा बाद. फिल्मच्या जुन्या डब्या हाताशी असतात, पण त्यांत पाणी शिरतं. रबरी कडा आणि चार बाजूंनी खटके असलेला खाण्याचा डबा बरा. त्यावर खेळाचं नाव आणि स्पष्टीकरण असलेली चिठ्ठी लावा, म्हणजे कुणाला तो संशयास्पद वाटणार नाही. आत लॉगबुक झिपच्या पिशवीत आणि सोबत पेन्सिल, कारण ओलाव्यात पेन दगा देतं. खाण्याचं काहीही नको. वासानं प्राणी डबा फोडतात. धारदार वस्तू, काडेपेटी, औषधं, दारू यांनाही मनाई आहे.

अक्षांश-रेखांश एकदाच मोजून भागत नाही. डब्याशी मोबाइल काही मिनिटं स्थिर धरून आकडे टिपा. पन्नास मीटर लांब जा, परत येऊन पुन्हा टिपा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी हेच करा, कारण तोवर आकाशातल्या उपग्रहांची मांडणी बदललेली असते. एखादा आकडा फारच वेगळा असेल तर सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा आणि त्या आकड्यांवरून स्वतः चालत या. माहिती भरून पाठवली की स्वयंसेवक परीक्षक ती तपासतात आणि मग डबा नकाशावर दिसू लागतो.

त्यानंतर जबाबदारी तुमची. कुणी ‘सापडला नाही’ किंवा ‘लॉगबुक भिजलंय’ लिहिलं की जाऊन बघा. लगेच जमणार नसेल तर डबा तात्पुरता बंद म्हणून नोंदवा, म्हणजे लोक उगाच येणार नाहीत. कधीतरी तो कायमचा बंद करायचा ठरलाच, तर आधी जाऊन तो उचलून आणा आणि मगच पान बंद करा.