फुवामुलाला टायगर शार्कसोबत डाइव्ह करताना

मालदीवच्या दक्षिण टोकाकडे, विषुववृत्ताच्या किंचित खाली असलेल्या फुवामुला बेटावर टायगर शार्क वर्षभर दिसतात. मच्छीमार मासळी साफ करून उरलेली टुनाची मुंडकी बंदराच्या तोंडाशी टाकत, त्या वासावर ते येऊ लागले. २०१० साली देशभर शार्कच्या मासेमारीवर बंदी आल्याने ते टिकलेही. आजही डाइव्हच्या वेळी गाइड दगडांखाली मुंडकी दडवतात. ही आमिषावरची भेट आहे, हे आधीच मान्य करून पाण्यात उतरावे.

खोली जेमतेम आठ-दहा मीटर असते, परंतु तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या एखाद्या डाइव्हच्या भरवशावर इथे येऊ नये. हातपाय न मारता एका जागी स्थिर राहता आले पाहिजे. सूट, फिन (पायात घालायची वल्ही) आणि हातमोजे काळे असावेत, कारण उघडे तळहात पाण्यात फिकट माशासारखे चमकतात.

खाली पोहोचल्यावर पाठ खडकाकडे ठेवून इतरांच्या रांगेत थांबावे आणि रांगेच्या वर तरंगू नये. टायगर शार्क दबा धरून, सहसा नजरेआडून जवळ येतो. म्हणून तो जिकडे वळेल तिकडे आपले तोंड वळवत राहावे. आपण पाहत आहोत हे कळल्यावर तो बहुधा वाट बदलतो. मालवणकडे मुशी म्हणून ताटात येणाऱ्या कुळातलाच हा मासा, पण बोथट नाकाडावरची बारीक काळी छिद्रे मोजता येतील इतका जवळ आला की ताटाची आठवण राहत नाही. अशा वेळी मागे सरकत फिन मारण्याऐवजी कॅमेरा छातीपुढे आडवा धरावा. हाताने त्याचे डोके बाजूला सारणे हे गाइडचे काम आहे.

वर येताना कोणीही एकटे निघू नये. शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा एकमेकांकडे पाठ करून घ्यावा आणि पृष्ठभागावर न खळबळता लगेच बोटीत चढावे.

मालदीवमधल्याच दक्षिण आरी बेटसमूहात देवमुशी (व्हेल शार्क) पाहायला जाणार असाल, तर अंगापासून तीन आणि शेपटीपासून चार मीटर अंतर राखावे लागते. मालदीवच्याच हनिफारू खाडीत स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी लावून डाइव्ह करायला मनाईच आहे, तिथे मांटा (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) स्नॉर्केलनेच पाहायच्या.

फुवामुलाहून माले बहुतेक जण विमानाने गाठतात. अनेक डाइव्ह झाल्यावर त्याच नायट्रोजनमुळे उड्डाणापूर्वी किमान १८ तास जावे लागत असल्याने शेवटचा दिवस कोरडाच ठेवावा.