सान पेद्रो का आटते: वाळवंटी नदीचा जमाखर्च कसा मांडावा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जूनचा तिसरा शनिवार म्हणजे आमचा चालण्याचा दिवस. 1999 पासून दर वर्षी त्या दिवशी स्वयंसेवक सान पेद्रो नदीच्या पात्रातून जीपीएस घेऊन चालतात आणि पाणी कुठे आहे, कुठे नाही हे टिपतात. पावसाळा जुलैत लागतो, त्यामुळे जूनमध्ये नदी सगळ्यात बारीक असते. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला आलेल्या टप्प्यात पायाच्या घोट्याइतकं पाणी होतं, पुढे ओली वाळू, मग कोरडी वाळू, आणि शेवटी नुसते दगड. आदल्या पावसाळ्यात तर चांगले पूर आले होते. मग हे पाणी गेलं कुठे?

मी पेशाने हिशेबनीस. जलशास्त्राचं शिक्षण नाही. पण पैसा आला किती आणि शिल्लक किती यात फरक दिसला की मला झोप येत नाही. त्या फरकामागे लागून जे शिकले ते इथे सांगते. उदाहरण सान पेद्रोचं आहे, कारण तिच्या नोंदी घरबसल्या बघता येतात.

आधी दोन खाती वेगळी करा. पुराचं पाणी म्हणजे दिवाळीचा बोनस: धो धो येतं, दोन दिवसांत खाली वाहून जातं. नदी बारा महिने चालते ती दुसऱ्या खात्यावर. आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि बर्फ जमिनीत मुरतो, वाळू-मातीच्या जाड थरांतून वर्षानुवर्षं सरकत खोऱ्याच्या तळाशी येतो आणि पात्रात पाझरतो. जाणकार याला बेसफ्लो म्हणतात. भूजलाची पातळी पात्राच्या तळापेक्षा वर असेल तोवर जमीन नदीला पाणी देते. पातळी खाली गेली की व्यवहार उलटतो, नदीच जमिनीला पाणी देऊ लागते आणि वाळू ते पिऊन टाकते.

म्हणून वार्षिक सरासरी बघू नका. एका मोठ्या पुराने सरासरी फुगते आणि नदी ठणठणीत असल्याचा भास होतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची प्रवाहमापन केंद्रं या नदीवर आहेत: पालोमिनास, चार्ल्सटन, टूमस्टोन. त्यांच्या रोजच्या नोंदी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. प्रवाह क्यूसेकमध्ये असतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. प्रत्येक वर्षातून मे-जूनमधले सलग सात दिवस असे शोधा की ज्यांची सरासरी सगळ्यात कमी आहे. तो आकडा एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दिवसांचा आकडा, जेव्हा झाडं झोपलेली असतात. असे वीस-तीस वर्षांचे दोन रकाने शेजारी ठेवले की पुराचा गोंगाट बाजूला पडतो.

चार्ल्सटनची नोंद मुद्दाम बघा. तिथे पात्राखालचा खडक उथळ आहे, त्यामुळे भूजल वर ढकललं जातं आणि बाकी नदी सुकली तरी तिथे धार राहते अशी सगळ्यांची समजूत होती. जुलै 2005 मध्ये त्याच केंद्रावर प्रवाह शून्य झाला. नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

आता माझी फजिती. संस्था दर पंधरा मिनिटांची नोंदही देते. जूनचा एक आठवडा उघडून बसले तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा: सकाळी वर, संध्याकाळी खाली, रोज. मला वाटलं, चोर सापडला! कुणीतरी दिवसा पंप चालवतंय. पात्राजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी जवळजवळ जाबच विचारला. ते हसले आणि म्हणाले, नोव्हेंबरचा आठवडा काढून बघा. काढला. दाते गायब. चोर होते कॉटनवूड आणि विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद. दिवसा पानांवाटे ते भूजल ओढतात, रात्री थांबतात. पंपाची खूण वेगळी असते: पायरीसारखी झटकन खाली, तो बंद झाला की वर, आणि तीही पंप पात्राच्या अगदी लगत असेल तरच. दूरच्या पंपाची रोजची हालचाल नदीपर्यंत पोचेतो सपाट होऊन जाते. (त्या गृहस्थांची मी माफी मागितली. ते अजून चिडवतात.)

मग झाडंच गुन्हेगार? असं म्हणणारे भेटतात, झाडं तोडा म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. झाडांचा खर्च नदीच्या हिशेबात आधीपासूनच धरलेला आहे. भूजल साधारण तीन मीटरच्या आत असेल तर कॉटनवूड-विलोचं रान टिकतं. त्याखाली गेलं की ती वठतात आणि जागा तामरिस्क नावाचं झुडूप घेतं, ज्याची मुळं जास्त खोल जातात. त्यामुळे पात्रातून चालताना कॉटनवूडचे शेंडे बघा. वाळलेले शेंडे दिसले तर तिथली पातळी आधीच उतरलेली असण्याची शक्यता आहे.

खरा चिवट हिशेब पंपांचा. 1940 मध्ये सी. व्ही. थाइस या अमेरिकी जलशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात मुद्दा मांडला, तो हिशेबनिसाला लगेच कळतो. विहिरीतून काढलेलं पाणी कुठल्या तरी खात्यातून वजा होणारच. सुरुवातीला ते जमिनीतल्या साठ्यातून येतं आणि विहिरीभोवती पातळीचा शंकूसारखा खळगा पडतो. खळगा पसरत पसरत नदीच्या पाझरापर्यंत पोचला की नदीकडे निघालेलं पाणी वाटेतच अडतं किंवा नदीतलं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे आधी मुद्दल खर्च होतं, आणि मग नदीच्या नावावर उधारी चढू लागते.

किती वेळाने? याचं एक सोपं सूत्र आहे, 1968 मध्ये जेन्किन्स यांनी रूढ केलेलं. विहिरीचं नदीपासूनचं अंतर मीटरमध्ये घ्या आणि त्याचा वर्ग करा. त्याला जमिनीच्या साठवणक्षमतेने गुणा (वाळू-गाळाच्या उघड्या थरात 0.15 धरून बघा). थरातून पाणी किती सहज सरकतं त्या आकड्याने, म्हणजे ट्रान्समिसिव्हिटीने, भागा. उदाहरणादाखल ती दिवसाला 500 चौरस मीटर धरते. तुमच्या भागाचा खरा आकडा भूजल अहवालात मिळेल. एक किलोमीटरवरच्या विहिरीला उत्तर येतं 300 दिवस. इतके दिवस सलग उपसा झाला की पंप जे पाणी काढतोय त्यातलं सुमारे 48 टक्के नदीच्या खात्यातून जातंय असं समजा. महिनाभरात हा वाटा जेमतेम अडीच टक्के असतो, आणि आठ वर्षांत 82 टक्क्यांवर जातो.

आता तीच विहीर पाच किलोमीटरवर न्या. अंतर पाचपट, पण त्याचा वर्ग पंचवीसपट: 7,500 दिवस, म्हणजे वीस वर्षांहून जास्त. पहिली दोन वर्षं नदीवर काहीच परिणाम दिसत नाही आणि सगळे म्हणतात, आमच्या बोअरचा नदीशी काय संबंध? पंप बंद केला तरी खळगा लगेच भरत नाही. तो भरताना नदीचंच पाणी घेतो. दूरच्या विहिरीच्या बाबतीत नदीची सगळ्यात मोठी तूट पंप बंद झाल्यानंतरही येऊ शकते. हे वाक्य मी वहीत तीनदा लिहिलंय, कारण सभेत दर वेळी कुणी ना कुणी म्हणतं की आम्ही उपसा कमी केला, मग नदी सुधारली का नाही.

एक इशारा. हे सूत्र सरळ काठ, एकसारखी जमीन आणि नदीशी थेट जोडलेला थर गृहीत धरतं. मध्ये चिकणमातीचा थर असला की गणित बिघडतं. अशा चिकणमातीखाली कोंडलेल्या, दाबाखालच्या थरात साठवणक्षमता हजारपट कमी असू शकते आणि परिणाम झपाट्याने पसरतो. उत्तर तारीख म्हणून घेऊ नका. महिने, वर्षं की दशकं एवढंच त्यातून घ्या.

विहिरी कुठे आहेत ते राज्याच्या जलसंसाधन विभागाच्या नोंदवहीत नकाशासकट सापडतं. मिनिटाला 35 गॅलनपर्यंतचे छोटे पंप तिथे ‘सूट असलेले’ म्हणून येतात. ॲरिझोनाचा कायदा नदीचं पाणी आणि भूजल वेगवेगळं मोजतो: नदीच्या पाण्यावर आधी आलेल्याचा आधी हक्क, भूजलाला निराळे नियम. 1980 चा भूजल कायदा ठरावीक खोऱ्यांतच उपशाला कडक लगाम घालतो, आणि या नदीच्या खोऱ्यातल्या सिएरा व्हिस्टा शहराचा भाग त्यात नाही. एकच पाणी दोन वह्यांत लिहायचं! माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे नको.

विहिरींची यादी झाली की एक चूक टाळा: काढलेलं पाणी आणि संपलेलं पाणी एक धरू नका. घरात आंघोळीला वापरलेलं पाणी गटारातून शुद्धीकरणाला जातं. सिएरा व्हिस्टात ते 2002 पासून शहर आणि नदी यांच्यामधल्या तळ्यांतून परत जमिनीत मुरवलं जातं. अंगणातल्या हिरवळीला किंवा अल्फाल्फाच्या, म्हणजे चाऱ्याच्या, शेताला दिलेलं बरंचसं पाणी हवेत उडून जातं, ते या खोऱ्यात परतत नाही. म्हणून दोन रकाने: उपसा, आणि त्यातून परत आलेलं. वजाबाकी ती खरी तूट. एक क्यूसेक वर्षभर वाहिला तर सुमारे 724 एकर-फूट होतात (एक एकरभर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट), त्यामुळे कुणाच्या बचतीचा आकडा ऐकला की 724 ने भागून बघा, नदीच्या भाषेत तो केवढा आहे.

पात्रात चालायचं असेल तर पहाटे निघा. दहानंतर वाळू बुटाच्या तळव्यातून चटके देते. पाणी सुरू होतं तिथे एक बिंदू, संपतं तिथे दुसरा. डबकं तुटक असेल तर तसं लिहा. ओली वाळू म्हणजे पाणी नव्हे, हे मला पहिल्याच वर्षी टोळीप्रमुखाने बजावलं.

आणि नोव्हेंबर चुकवू नका. पानं गळली की पावसाचा थेंबही न पडता चार्ल्सटनचा आकडा हळूहळू चढतो. किती चढला आणि गेल्या वर्षी त्याच आठवड्यात किती होता, एवढे दोनच आकडे मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिते.