गाणाऱ्या काउबॉयचा चित्रपट कसा पाहावा

सर्वप्रथम प्रतीची लांबी तपासावी. रिपब्लिक पिक्चर्स या अमेरिकी चित्रपट कंपनीने १९३५ पासून जीन ऑट्री आणि १९३८ पासून रॉय रॉजर्स या गायक-अभिनेत्यांना नायक करून काढलेल्या गाणाऱ्या काउबॉयच्या चित्रपटांपैकी अनेकांना पुढे दूरचित्रवाणीसाठी सुमारे ५४ मिनिटांत बसवताना गाण्यांनाही कात्री लागली. म्हणून शक्य तेथे अखंड प्रतच निवडावी.

कथेत लबाड जुगारी दिसला की त्याच्या पत्त्यांपेक्षा त्याची नजर कोणत्या जमिनीवर आहे, हे शोधावे. पशुपालकाला कर्जात अडकवून त्याचे कुरण बळकावण्यामागे बहुधा तेथील पाणी किंवा तेथून जाणारा रेल्वेमार्ग हे खरे कारण असते, आणि ते एकदा हेरले की पुढचा पाठलाग अधिक रंगतो. ऑट्रीच्या चित्रपटांत घोड्यांबरोबर मोटारी आणि रेडिओही दिसतात. ती चूक मानू नये, कारण या कथा मुद्दाम त्या काळच्या वर्तमानात घडवल्या आहेत आणि १९३०च्या दशकातील महामंदीत जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांची व्यथा त्यांत स्पष्ट ऐकू येते.

गाणी मात्र कधीही पुढे ढकलू नयेत. शेकोटीभोवती गुराखी एकत्र गातात, तेव्हा कोण कोणाच्या बाजूचा आहे हे संवादांपेक्षा लवकर उमगते. रॉजर्सचे दुसऱ्या महायुद्धानंतरचे रंगीत चित्रपट या आधीच्या चित्रपटांनंतर पाहावेत.