ब्रेक ऑइल कधी बदलायचं?
इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, पण ब्रेक ऑइल मात्र कुणाच्या लक्षातच राहत नाही, आणि खरं तर जीव त्याच्यावरच असतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे गाडी कमी चालवली तरी ते जुनं होतंच, म्हणून किलोमीटर मोजत बसू नका, साधारण दर २ वर्षांनी बदला (मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तेच पाळा). नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण जेमतेम पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते, मग घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. नुसत्या रंगावर जाऊ नका, टेस्टरने पाणी चेक करून घ्या. पेडल स्पंजसारखं लागतंय? लगेच दाखवा, थांबू नका. लेव्हल कमी झाली असेल तर नुसतं टॉपअप करू नका, आधी पॅड झिजलेत का, कुठे लीक आहे का ते बघा. आणि झाकणावर लिहिलेला ग्रेडच वापरा, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही.