व्याख्यानात सूर्यमालेचे खरे अंतर दाखवायचे असेल तर

स्लाइडवर सूर्य आणि ग्रह शेजारी-शेजारी दिसतात, आणि तेच चुकीचे चित्र श्रोते घरी नेतात. त्याऐवजी 14 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू सूर्य माना. पृथ्वी म्हणजे मग राजगिऱ्याचा एक दाणा, 15 मीटरवर. तेवढी सुतळी आधीच मोजून ठेवा. दाणा काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवा, नुसत्या हातात तो कुणालाच दिसत नाही. पुठ्ठा कुठे धरायचा, हे आधी श्रोत्यांनाच विचारा. बहुतेक जण फार जवळ सांगतात, आणि आकडा खरा रुजतो तो तिथेच. गुरू गोटीएवढा, 78 मीटरवर, म्हणजे सभागृहाबाहेर. चेंडू बदललात तर सगळी अंतरे त्याच प्रमाणात बदला. पृथ्वीचे अंतर चेंडूच्या व्यासाच्या सुमारे 107 पट.